आखाजीला (अक्षय तृतीयेला) घरी येताय ना, मग तलावावर पण एक चक्कर मारा

राम राम मंडळी. सुरत, नाशिक, पुणे, जिथे कुठे असाल तिथल्या आपल्या सगळ्या गावकऱ्यांना पाणी समितीकडून हे आवाहन.

टँकर चालू झालाय हे ग्रुपवरच्या फोटोंत पाहिलंच असेल. पहाटेपासून हंड्यांची लाइन, हंडा कमी पडला तर लोक नंबराला दगड ठेवून जातात. बरं माणसाला टँकर तरी आहे, गुरांचं काय? दादर ज्वारीचा कडबा संपत आलाय, दोघातिघांनी बैलजोडी बाजारात नेली पण.

मेन मुद्दा पाझर तलावाचा. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आज्या-आजोबांनी सुकडी खाऊन हा तलाव खोदला. आता नुसता नावाला पाझर, तळाला गाळ असा बसलाय की पाणी मुरतच नाही, उन्हानं उडून जातं आणि खालच्या विहिरी कोरड्याच्या कोरड्या. परवा आत उतरलो तर भेगेत कोपरापर्यंत हात गेला, तरी बोटाला गाळच लागला, मुरूम नाहीच.

तर मुरूम लागेपर्यंत गाळ काढायचाय. साधा हिशोब सांगतो, १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २,८०० लिटर पाण्याची जागा. ४ ब्रास निघाला की एका टँकरएवढं पाणी मावलं, आणि ते दर पावसाळ्यात. हे काय आम्ही नवीन शोधलेलं नाही, तिकडे धुळे जिल्ह्यात शिरपूरला भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर साहेबांनी नाले खोल करून, बंधारे बांधून दाखवलंच आहे की.

गाळ शेतकरी आपापल्या ट्रॉलीनं नेतील, हलक्या जमिनीला तो सोनंच आहे. अडलंय ते पोकलेनच्या भाड्यावर आणि डिझेलवर. एका तासाचं डिझेल दिलं तरी चालेल, चौघं मित्र मिळून दिवसाचं दिलं तर फारच भारी. ज्याला पैसे जमत नसतील त्यानं कडबा, ढेप, रिकामे ड्रम द्या, ड्रम फक्त केमिकलचे नकोत भाऊ.

खातं समितीच्या नावाचं आहे, नंबर आपल्या गावच्या ग्रुपवरच मिळेल, दुसरीकडून कोणी क्यूआर कोड पाठवला तर एक रुपयाही टाकू नका. पंपाची पावती अन् मशीनचे तास रोज संध्याकाळी ग्रुपवर पडतील.

काम मृगाच्या आत उरकायचंय, एकदा पाणी साचलं की मशीन आत उतरत नाही. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ७ ला तलावावर या, येताना फावडं आणा, चहा आमच्याकडे.