केसरीवाड्याच्या भिंती

पुणे,
रविवार

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र पोचलं. मुलांना घेऊन केसरीवाडा बघायला येतोयस हे फार छान. पण ‘टिळक-आगरकरांचे खटके याच भिंतींनी ऐकले’ असं लिहिलंयस, ते मात्र मुलांना सांगू नकोस. अरे, कसे ऐकतील? आगरकर १८९५ साली गेले आणि टिळकांनी हा वाडा बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडून घेतला तो १९०५ मध्ये. म्हणून तर त्याला गायकवाडवाडाही म्हणतात. ‘केसरी’ त्याआधीचा, जानेवारी १८८१ चा. पहिले संपादक आगरकरच, पण १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ हे स्वतःचं वेगळं पत्र काढलं. ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा १८९७ चा अग्रलेखसुद्धा इथला नव्हे. तेव्हा टिळकांचं बिऱ्हाड विंचूरकरवाड्यात होतं.

मला विचारशील तर या वाड्याची गोष्ट १९०८ ची. बिहारमधल्या मुजफ्फरपूरला क्रांतिकारकांनी टाकलेल्या बॉम्बनंतर ‘केसरी’त ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे लेख आले. टिळकांना मुंबईत पकडलं, इकडे पुण्यात घराची झडती घेतली. घर आणि कचेरी एकाच आवारात, त्यामुळे पोलिसांचीही सोयच झाली म्हणायची! हाती लागलं काय, तर एक पोस्टकार्ड. त्यावर स्फोटकांवरच्या दोन पुस्तकांची नावं. सरकारी वकिलांनी कोर्टात त्याचं केवढं भांडवल केलं. टिळकांचं उत्तर सरळ होतं: स्फोटकांच्या नव्या कायद्यावर टीका करायची तर तो विषय आधी वाचायला हवा. संपादकाच्या खणात दुसरं काय सापडणार? तरी सहा वर्षं ब्रह्मदेशातल्या मंडालेचा तुरुंगवास झालाच. मागे ‘केसरी’ न. चिं. केळकरांनी सांभाळला. १९१४ च्या जूनमध्ये टिळकांना मध्यरात्रीच्या सुमारास गुपचूप याच वाड्याशी आणून सोडलं. मंडालेत पेन्सिलीने लिहिलेलं ‘गीतारहस्य’ पुढल्याच वर्षी छापून निघालं.

वाड्यातल्या संग्रहालयात घाईने फिरू नकोस. क्रांतिकारक मादाम कामांनी १९०७ मध्ये जर्मनीत श्टुटगार्टला फडकावलेला भारताचा झेंडा पोरांना नीट दाखव. आणि येणार असशील तर गणपतीचे दिवस टाळ. मानाचा पाचवा गणपती इथलाच. त्या दहा दिवसांत नारायण पेठेत गाडी लावायला जागा मिळाली तर मला कळव, मी पेढे वाटीन. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनिल