पाच वाजताच्या चपला: जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी साहेब, कोल्हापूर

विषय: निवासी संस्थांमधल्या स्वमग्न (ऑटिस्टिक) व्यक्तींची आपत्ती आराखड्यात वेगळी नोंद होण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

माझा धाकटा भाऊ स्वमग्न आहे. वय तिशीच्या आसपास, रुबाब हेडमास्तरांचा. शहराबाहेरच्या एका निवासी संस्थेत राहतो. वडील गेल्यावर आईला एकटीला त्याचं सगळं झेपेना, म्हणून तिथं ठेवला. हे वाक्य लिहिताना अजून हात अडतो, पण ते असू दे.

रोज संध्याकाळी पाच वाजता तो चपला घालतो आणि फाटकाशी जाऊन उभा राहतो. मग संस्थेतल्या मदतनीस मावशी त्याला उसाच्या कडेनं केएमटी बसच्या स्टॉपपर्यंत नेतात. एक बस येऊन गेली की गडी आपणहून मागं वळतो. बसायचं नसतं, नुसती बघायची. रात्रीचं जेवण आणि झोप या एका फेरीवर चालते.

24 मार्च 2020 ला रात्री आठ वाजता लॉकडाऊनची घोषणा झाली. दुसऱ्या दिवशी पाच वाजता हा फाटकाशी गेला, तर कुलूप. साडेसातपर्यंत उभा होता. तिसऱ्या दिवशी त्यानं चपला काढायचंच सोडून दिलं, झोपतानाही पायात. आठवड्याभरात मनगट चावून चावून काळंनिळं केलं. त्याला कोरोना म्हणजे काय ते कोण आणि कसं सांगणार? त्याच्या हिशेबात बस यायची बंद झाली आणि मावशी यायच्या बंद झाल्या, एवढंच.

मावशी का येईनात? वडापच्या शेअर जीपगाड्या बंद. गावाच्या वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकून रस्ता अडवलेला. त्यातूनही चालत निघाल्या, तर नाक्यावर पोलीस. "पास दाखवा." पोलिसांना दोष देत नाही, दवाखान्याची माणसं आणि दूधवाले त्यांना माहीत होते. निवासी संस्थेत दुसऱ्याच्या लेकराला आंघोळ घालणारी बाई त्यांच्या यादीत कुठं बसणार? संस्थेत अडकून पडलेल्या तिघीचौघींनी रात्रंदिवस सगळ्यांचं केलं. त्यांचे हात अपुरे पडले, तेव्हा गोळ्यांचा डोस वाढला. मुलं शांत झाली, असं आम्हाला फोनवर सांगितलं गेलं. त्या शांततेबद्दल मला कधीच कुणाशी नीट बोलता आलेलं नाही.

यात चीड येण्यासारखी गोष्ट अशी, की नियम होता. केंद्राच्या दिव्यांगजन सशक्तीकरण विभागानं 26 मार्च 2020 लाच मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या: दिव्यांगांच्या मदतनीसांना निर्बंधांतून सूट द्या, नाहीतर सोप्या पद्धतीनं आणि प्राधान्यानं पास द्या. त्याच्याही आधी, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 8 आपत्तीत दिव्यांगांना समान संरक्षण द्या म्हणून सांगतं, आणि त्या कायद्याच्या यादीत स्वमग्नता आहे. पण मावशींच्या हातात त्यातला एक कागदही नव्हता.

भेटी बंद, म्हणून व्हिडिओ कॉल सुरू झाले. आई पदर सारखा करून फोनसमोर बसायची, आणि हा तिच्या डोक्यावरून पलीकडं बघायचा. दोनतीन वेळा ती फोन ठेवून रडली. मग एकदा तो म्हणाला, "पंखा." आमच्या माजघरातला जुना पंखा, फिरताना टकटक वाजतो, त्याच्याखाली तो लहानपणी झोपायचा. दुसऱ्या दिवसापासून आईनं फोन कॉटवर उताणा ठेवायला सुरुवात केली. दहा मिनिटं नुसता पंखा. हा तिकडं, ती इकडं, दोघं पंखा बघतायत. बोलणं झालं!

सुटका कशी झाली तेही सांगते. संस्थेच्या बाईंनी अखेर वहीचं पान फाडून हातानं अर्ज लिहिला: अमुक रहिवाशाला वैद्यकीय गरज म्हणून रोज एक फेरी, सोबत एक मदतनीस, वेळ सकाळी सहा, अंतर अर्धा किलोमीटर. खाली डॉक्टरांची सही, पोलीस ठाण्याचा शिक्का. बस नव्हतीच, तरी रस्ता होता. चार दिवसांत त्यानं रात्री चपला काढल्या. अर्धं पान कागद आणि एक शिक्का, साहेब. पैसा एक लागला नाही. तेवढ्यासाठी सहा आठवडे गेले. त्या एप्रिलमध्येच फ्रान्सनं स्वमग्न व्यक्तींना बाहेर पडायची सवलत जाहीर केली होती, आणि दिवसातून एकदाच बाहेर पडा म्हणणाऱ्या इंग्लंडनंही त्यांच्यापुरता तो नियम सैल केला होता. त्यांना फेरी ही गरज वाटली. आपल्याकडं ती चैन ठरली.

हे पत्र मंत्रालयात न पाठवता आपल्याला लिहितेय, त्याला कारण आहे. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष आपण. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालची स्थानिक स्तर समिती, जी स्वमग्न माणसाला कायदेशीर पालक नेमून देते, तीही जिल्हाधिकाऱ्यांच्याच अखत्यारीत. म्हणजे पूर आला तरी आपण, आणि माझ्या आईनंतर माझ्या भावाचा पालक ठरवायलाही आपणच. त्या वेळी आपण इथं नव्हता, हे मला कळतं. पण अधिकारी बदलला तरी खुर्ची तीच राहते.

कोल्हापूरकराला पावसाळ्यात झोपेतून उठवून विचारा, तो पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी सांगेल. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. कुठल्या आकड्याला जनावरं हलवायची आणि कुठल्याला माणसं, हे नदीकाठच्या पोरालाही पाठ. जुलै 2021 मध्ये कोरोनाचे निर्बंध चालू असतानाच पंचगंगा 43 च्या वर गेली, महामार्गावर पाणी आलं. तेव्हा या मुलांना शाळेच्या हॉलमध्ये हलवावं लागलं. तिथं भोंग्यावरून सूचना, फडफडणारी ट्यूबलाइट, अनोळखी मास्कवाले चेहरे. माझा भाऊ दोन रात्री कान दाबून बाकाखाली बसला होता. हॉलशेजारी एक वर्गखोली रिकामीच होती, पण ती द्यावी हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण तसं कुठं लिहिलेलं नव्हतं.

तेवढं लिहून घ्या, एवढंच मागणं आहे. मान्सूनपूर्व बैठकीत जिल्ह्यातल्या सगळ्या निवासी संस्था आणि त्यांच्या मदतनीसांची यादी आराखड्याला जोडा, पास आधीच छापून ठेवा. रोजची फेरी औषधाइतकी गरजेची धरा. निवारा केंद्रात एक शांत खोली राखून ठेवा. आणि दवाखान्यात विलगीकरणात ठेवायची वेळ आलीच, तर ओळखीचं एक माणूस सोबत राहू द्या. ज्याला पोटात दुखतंय हे सांगता येत नाही, त्याचं दुखणं ते माणूसच ओळखतं.

जमलं तर एखाद्या रविवारी संस्थेत या. आई असते, मी असते, चहा होईल. फक्त पाच वाजता नको. तेव्हा तो बस बघायला गेलेला असतो.

आपली,
एका रहिवाशाची बहीण
कोल्हापूर