दगडाची पाटी आणि 10 जुलैचा कार्यक्रम : मंडळाचं आवाहन (प्लीज पूर्ण वाचा)

सर्व ग्रामस्थ, मुंबईकर, पुणेकर, सुरतकडची मंडळी आणि माहेरवाशिणींना सप्रेम नमस्कार.

मेसेज लांबलाय, मान्य आहे. गेल्या वर्षी चार ओळींचा टाकला होता तेव्हा अंगठे भरपूर आले आणि पैसे नऊ जणांचे. म्हणून यावेळी सगळंच लिहितोय.

10 जुलै तोंडावर आली. नाईक (हा लष्करातला हुद्दा) यशवंत घाडगे यांचा स्मृतिदिन. माणगावला तहसील ऑफिससमोर ज्यांचा पुतळा आहे तेच, सातबारा काढायला गेलो की आपण ज्यांच्या पुढ्यात गाडी लावतो ते. पळसगावचा पोरगा, जन्म 16 नोव्हेंबर 1921, तेव्हा आपला रायगड जिल्हा कुलाबा होता. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधे होता आणि 10 जुलै 1944 ला, दुसऱ्या महायुद्धात, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना गेला, वय 22. आपल्याकडे या वयाच्या पोराला आपण गाडीची चावी देताना दहा वेळा विचार करतो.

काय झालं ते नव्या पोरांसाठी परत सांगतो. त्याच्या सेक्शनवर, म्हणजे छोट्या तुकडीवर, अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि तो सोडून सगळे पडले, कुणी ठार कुणी जखमी. हा एकटा उभा, मागे फिरला असता तर कुणी नावं ठेवली नसती, पण हा सरळ त्या मशीनगनवरच धावला, आधी ग्रेनेड टाकून गन आणि ती चालवणारा दोन्ही बंद केले, मग टॉमीगनने (हातातली छोटी मशीनगन) आणखी एकाला पाडलं, गोळ्या संपल्या, मॅगझिन बदलायला वेळच नव्हता, तर टॉमीगन नळीकडून धरून दांडक्यासारखी चालवली आणि उरलेले दोघे तिथेच संपवले. नंतर शत्रूच्या स्नायपरच्या गोळ्या छातीत आणि पाठीत बसल्या आणि जिंकलेल्या त्याच मोर्चात त्याने जीव सोडला. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक, मिळाला, पण मरणोत्तर. थडगं कुठेच नाही, इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर नुसतं नाव कोरलंय. म्हणजे फुलं वाहायला जागा आहे ती आपल्याच तालुक्यात.

इटलीच्या लढाईत एकूण 20 व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यातले 6 भारतीय जवानांचे, आणि त्यात मराठा रेजिमेंटचे दोन, एक हा आणि दुसरे नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव. जवळपास पावणेसहा हजार भारतीय जवान तिथे कामी आले.

आता जे मनाला लागलंय ते. जुलै 2023 मधे इटलीतल्या मोन्तोने गावाने यशवंतरावांच्या नावाने स्मारक उभं केलं, सूर्यघड्याळ आहे, वर लिहिलंय की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. त्यांना ना त्याची भाषा माहिती, ना पळसगाव कुठे ते माहिती, तरी केलं. आणि आपल्याकडे मागच्या मीटिंगमधे एकाने विचारलं (नाव घेत नाही, ग्रुपमधेच आहेत) की "तो आपल्या गावचा नव्हता, आपण कशाला?" अहो, नाईट क्रिकेटच्या टी-शर्टला दोन दिवसात स्पॉन्सर मिळतो तेव्हा बॅट्समन कुठल्या गावचा ते कुणी विचारत नाही. असो. पण त्या दिवशी घरी येऊन जेवलो नाही.

ज्यांनी केलं त्यांचं ऋण मात्र विसरणार नाही. पोलीसातून रिटायर झालेले आपले नाना, पहिला फ्लेक्स त्यांनी स्वतःच्या पेन्शनमधून लावला, आणि प्रिंटवाल्याने "क्रॉस"चं "क्रास" केलं तेव्हा मार्करने स्टुलावर चढून स्वतः दुरुस्त केलं. डोंबिवलीचे भाऊ दरवर्षी न मागता पैसे पाठवतात आणि पावतीसुद्धा मागत नाहीत. अंगणवाडीच्या ताईंनी गेल्या वर्षी दीडशे माणसांचा चहा एकटीने केला (माणसं आली चाळीस, तो भाग वेगळा). आणि वरच्या वाडीतल्या आमच्या काकी, लावणी अर्धी टाकून, चिखलाच्या पायाने, डोक्यावर इरलं तसंच घेऊन आल्या, फोटोसमोर दोन मिनिटं उभ्या राहिल्या आणि परत शेतात गेल्या. त्यांचा मुलगा सध्या सीमेवर आहे. मला तरी त्या दिवशीचं भाषण एक आठवत नाही, काकीच आठवतात.

लावणीच्या दिवसात येणं अवघड आहे हे आम्हालाही कळतं, आम्हीही शेतकरीच आहोत. इटलीवाल्यांनी सूर्यघड्याळ केलं, आपल्याकडे 10 जुलैला सूर्य कुठला, ताडपत्रीच लागते, आणि जुनी गेल्या वर्षी बरोबर पाहुण्यांच्या डोक्यावर फाटली.

तर यंदा शाळेच्या व्हरांड्यात फ्लेक्सऐवजी काळ्या दगडाची पाटी बसवायची आहे, पूर्ण हकिकत मराठीत कोरून. खर्च बसवण्यासकट 38,000, जमा 14,500, कारागीर अर्धे ॲडव्हान्स दिल्याशिवाय दगडाला हात लावत नाही. शिवाय ताडपत्री, चहा-वडापाव, भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींच्या 1600 मीटर धावण्याची बक्षिसं. पैसे फक्त मंडळाच्या खात्यावर, क्यूआर कोड ग्रुपवर पिन केलाय, माझ्या पर्सनल नंबरवर पाठवू नका मागे हिशोबात घोळ झालाय. रोख असेल तर खजिनदारांकडे, मुंबईकरांनी रविवारी परळच्या खोलीवर 5 ते 7. वस्तू दिली तरी चालेल. शेवटची तारीख 25 जून. 10 तारखेला सकाळी 8 ला आधी माणगावला पुतळ्याला हार, टेम्पो 7 ला देवळापासून सुटेल, थांबणार नाही, मग 10 ला शाळेत कार्यक्रम. माजी सैनिकांनी मेडल लावून यावं ही खास विनंती.

पाटीवर देणगीदारांची नावं येणार नाहीत, आधीच सांगतो, त्यावरून भांडण नको. त्यावर एकच नाव असेल.

आपला,
सेक्रेटरी

ता.क. ज्यांच्याकडे शाळेची जुनी लोखंडी शिडी आहे त्यांनी ती परत आणून द्यावी, पाटी बसवायला लागणार आहे.