तुमच्या फोटोंनी जागा खाल्लेली नाही

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न. वि. वि.

काल फोन ठेवताना आई म्हणाली, "एवढं सगळं माझ्या लक्षात राहायचं नाही, लिहून पाठव." म्हणून तुमच्या लॅपटॉपची भरलेली डिस्क आपण काल कशी मोकळी केली ते लिहिते आहे. कमांड मुद्दाम उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, कारण तुमचं ठरलेलंच आहे, आई वाचणार आणि बाबा टाइप करणार. बाबांनी अक्षरं इंग्रजीत, छोट्या लिपीत मारायची, मी वेगळं सांगितलं असेल तेवढं सोडून.

सगळ्यात आधी एक काम. लॅपटॉपवरची कचरापेटी, म्हणजे ट्रॅश, अजिबात रिकामी करू नका. जागा भरली म्हणून बाबांनी पन्हाळ्याचे स्कॅन केलेले फोटो काढून टाकले, आणि आई, तू तुमच्या मंडळाची भजनं काढायला लावलीस. "माझं काय, पुन्हा म्हणू," म्हणालीस म्हणे. पुन्हा कशी म्हणणार? त्यातल्या दोन रेकॉर्डिंगमध्ये आजीचा आवाज आहे. पण काळजी नको, सगळं तिथेच आहे. डिलीट केलेली फाइल त्याच डिस्कवर नुसती ट्रॅशच्या फोल्डरमध्ये सरकते, म्हणूनच तर एवढं काढूनही एक एमबीसुद्धा मोकळा झाला नाही. डाव्या बाजूला ट्रॅशवर क्लिक करा, फाइलवर उजवं बटण दाबा आणि रिस्टोर म्हणा. परत आणायला वेगळी जागा लागत नाही. हे आजच करा, बाकीचं पत्र मग वाचा.

आता काल नेमकं काय झालं ते. पासवर्ड बरोबर असूनही स्क्रीन क्षणभर काळी व्हायची आणि पुन्हा पासवर्डच मागायची, तेव्हा बाबांना वाटलं लॅपटॉप गेला. दुकानदारानेही नवा घ्या म्हणून सांगितलं होतं. लॅपटॉपला काहीही झालेलं नव्हतं. लॉगिन होताना तुमच्या फोल्डरमध्ये एक छोटीशी फाइल लिहावी लागते, आणि ती लिहायलाच जागा उरली नव्हती. म्हणून मी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ एकदम दाबायला सांगितलं. ती काळी स्क्रीन चित्रं दाखवत नाही, त्यामुळे डिस्क भरलेली असली तरी आत घेते. तिथे पासवर्ड टाइप करताना ठिपकेसुद्धा उमटत नाहीत. आई, की-बोर्ड बिघडलेला नाही, ते तसंच असतं. न बघता टाइप करायचं आणि एंटर मारायचं. परत नेहमीच्या स्क्रीनवर यायला कंट्रोल, ऑल्ट, एफ७.

पहिली कमांड, डिस्कवर किती जागा आहे ते दाखवणारी: डीएफ, स्पेस, डॅश एच. जिच्या शेवटी नुसता स्लॅश आहे ती ओळ बघायची. काल तिथे एकूण १०९ जीबी, वापरलेली १०४, शिल्लक शून्य असं होतं, आणि बाबांनी लगेच पकडलं, "१०९ वजा १०४ पाच होतात, शून्य कसे?" जन्मभर हिशेब तपासले त्याची सवय जात नाही! हिशेब बरोबर आहे. लिनक्समधली, म्हणजे तुमच्या लॅपटॉपच्या सिस्टिममधली, डिस्कवर फाइली मांडायची एक्स्ट ४ ही पद्धत डिस्कचा ५ टक्के भाग ठरवूनच रूटसाठी, म्हणजे सिस्टिमच्या कामांसाठी, राखून ठेवते. तुमच्या-माझ्यासारख्या साध्या युजरला तो दिसतो, वापरता येत नाही. १०९ चे ५ टक्के म्हणजे साडेपाचच्या आसपास, तेच ते. हा राखीव भाग कमी करता येतो, पण मी त्याला हात लावलेला नाही. तो राखीव आहे म्हणूनच काल सगळं ठप्प झालं नाही आणि आपल्याला आत शिरता आलं. (आणि १२० जीबीची डिस्क १०९ का दाखवते, हे बाबा विचारणारच. विकणारे हजाराच्या पटीत मोजतात, डीएफ १०२४ च्या, आणि थोडी जागा व्यवस्थेतच जाते.)

मग आपण सुडो एपीटी क्लीन केलं (सुडो म्हणजे ही कमांड रूटच्या अधिकाराने चालव). अपडेट करताना उतरवलेली पॅकेजं इन्स्टॉल झाल्यावरही व्हार नावाच्या सिस्टिमच्या फोल्डरमध्ये पडून राहू शकतात. ती पुसली तर काही बिघडत नाही, लागली तर पुन्हा उतरवता येतात. तेवढ्याने अडीच जीबी सुटले आणि लॉगिन झालं.

खरा शोध त्यानंतरचा. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडून: सुडो डीयू, स्पेस, डॅश एक्स एच, स्पेस, डॅश डी १, स्पेस, स्लॅश. ही कमांड प्रत्येक फोल्डर किती जड आहे ते सांगते. एक्स महत्त्वाचा, विसरू नका. तो नसला तर जोडलेली पेन ड्राइव्ह वगैरेही त्यात मोजली जाते आणि आकड्यांचा घोळ होतो. बाबांनी आकडे वहीत उतरवून घेतलेत: टाइमशिफ्ट ४८, होम ३२, व्हार ८.५, यूएसआर १०, बाकी किरकोळ मिळून १. आणि १०४ मधून सुटलेले अडीच वजा केले तरी बेरजेत २ जीबी कमी पडतात म्हणून रात्री अकराला मेसेज केलात. बाबा, ती स्वॅपफाइल. ती फोल्डर नाही, सुटी फाइल आहे, म्हणून या यादीत तिची वेगळी ओळ येत नाही. रॅम कमी पडली की लॅपटॉप तिचा आधार घेतो. तिला हात लावायचा नाही.

होममधल्या ३२ जीबीत तुमचं सगळं आलं, फोटो, भजनं, सातबारे, माझ्या लग्नाचा व्हिडिओ, सगळं. सगळ्यात मोठा आकडा ४८, आणि त्यातलं काहीही तुमचं नाही.

टाइमशिफ्ट हा लिनक्स मिंटमधला प्रोग्राम सिस्टिमची स्थिती जपून ठेवतो, त्याला स्नॅपशॉट म्हणतात. एखाद्या अपडेटने गडबड झाली तर आदल्या दिवशीच्या स्थितीला परत जाता येतं. अपडेट मॅनेजरने सुचवलं आणि बाबांनी तो चालू केला, ते अगदी योग्य केलं. फक्त स्नॅपशॉट त्याच डिस्कवर साठत गेले, आणि रोजचे, आठवड्याचे, महिन्याचे असे सगळे प्रकार टिक केलेले होते.

काल सगळ्यात जुना स्नॅपशॉट पुसला आणि जेमतेम काही एमबी सुटले, तेव्हा बाबांचा आवाज एवढासा झाला. तो प्रकार समजून घ्या, पुढेही अडेल. न बदललेली फाइल टाइमशिफ्ट पुन्हा पुन्हा साठवत नाही. फाइल एकच, पण प्रत्येक स्नॅपशॉट तिच्यावर आपलं नाव लावतो. सातबाऱ्यावर पाच वारसांची नावं असली तरी जमीन एकच असते ना, तसंच. एक नाव कमी केलं म्हणून जमीन मोकळी होत नाही, शेवटचं नाव उतरलं की होते. म्हणून एकेक पुसताना काही घडत नाहीसं वाटतं. ताजा एक ठेवून बाकीचे सगळे काढले तेव्हा कुठे ३१ जीबी एका झटक्यात सुटले. पुसायचे ते टाइमशिफ्टच्या खिडकीतून, डिलीट बटणानेच. फाइल मॅनेजरमधून त्या फोल्डरमध्ये शिरून काही काढू नका.

आता शेड्यूलमध्ये रोजचे २ आणि आठवड्याचा १ एवढंच ठेवलंय. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण बाबांच्या बोलण्यावरून मला शंका आली. टाइमशिफ्ट तुमचे फोटो जपत नाही. होम फोल्डर तो आपण सांगितल्याशिवाय धरतच नाही. उद्या डिस्क गेली तर स्नॅपशॉटही जातील आणि पन्हाळाही. फोटो आणि भजनं बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवायलाच हवीत, त्याला पर्याय नाही.

जागा खाणाऱ्या आणखी दोन गोष्टी होत्या. व्हारमधली सिस्टिमची रोजनिशी, जर्नल, ४ जीबीला पोचली होती. ती मुळातच डिस्कच्या १० टक्के किंवा ४ जीबी, यातलं जे कमी असेल तिथवर वाढू शकते. सुडो जर्नलसीटीएल, स्पेस, डॅश डॅश व्हॅक्यूम डॅश साइझ बरोबर ५००एम केलं की जुनी पानं जातात. बरोबरच्या चिन्हाभोवती स्पेस द्यायची नाही, आणि ५०० पुढचा एम तेवढा मोठ्या लिपीत मारायचा. दुसरी गोष्ट म्हणजे जुने कर्नल, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्या, बूट आणि यूएसआरमध्ये पडलेल्या; त्यांना सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह. यादी दाखवून विचारेल, वाचून वाय दाबा. बूट फोल्डरमधली फाइल हाताने कधीही काढू नका, लॅपटॉप चालूच होणार नाही.

एवढं करून काल डीएफ डिस्क ६४ टक्के भरलेली दाखवत होता.

शेजारच्या काकांच्या मुलाने "फॉरमॅट मारा" म्हटलं तर त्याला चहा द्या आणि लॅपटॉप बंद करून ठेवा. आणि नेटवरची आरएमने, म्हणजे पुसण्याच्या आज्ञेने, सुरू होणारी कमांड मला विचारल्याशिवाय टाइप करायची नाही, तिच्या आधी सुडो असेल तर मुळीच नाही. प्रॉक फोल्डरमध्ये केकोर नावाची १२८ टीबीची फाइल दिसली म्हणून बाबा घाबरले होते. ती डिस्कवर नाहीच, मेमरीकडे बघायची खिडकी आहे. तो अख्खा फोल्डरच तसला आहे.

तुमची बाहेरची डिस्क विंडोजच्या काळातली, त्याच्या एनटीएफएस पद्धतीची आहे. फोटो उतरवायला ती चालेल, टाइमशिफ्टला चालत नाही, त्याला लिनक्सच्या पद्धतीची डिस्क लागते. टाइमशिफ्टसाठी म्हणून ती फॉरमॅट करू नका, तिच्यावर दादाच्या मुंजीचे फोटो आहेत. गणपतीला येताना दुसरी एक छोटी डिस्क एक्स्ट ४ करून आणते. तोवर महिन्यातून एकदा डीएफ करून आकडा वहीत लिहा, आणि ९० टक्क्यांच्या वर गेला तर काहीही न पुसता आधी मला फोन करा.

तुमची,
चिमी