क्लस्टरच्या बातमीत कामगार कुठे आहे?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंडस्ट्रियल क्लस्टर (एकाच धंद्याचे अनेक कारखाने एका जागी), औद्योगिक पार्क, कॉरिडॉर अशा बातम्या आपल्या पेपरात सारख्या येत असतात आणि मी त्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, कारण माझी सगळी नोकरी टूलरूममध्ये, म्हणजे धातूला आकार देणारे साचे (डाय) बनवतात तिथे, गेली आणि हा विषय मला जवळचा आहे. बातमीत काय असतं, तर जमीन किती एकर, गुंतवणूक किती कोटी, सबसिडी किती टक्के आणि रोजगार किती हजार. छापा की, ते लागतंच. पण ज्याच्या जोरावर क्लस्टर खरंच चालतं ते त्यात कुठेच नसतं म्हणून हे पत्र लिहितोय. मी बोलतोय काम येणाऱ्या माणसांबद्दल, आणि ती माणसं एक कारखाना सोडून दुसऱ्यात जाताना सोबत जे घेऊन जातात त्याबद्दल.

आल्फ्रेड मार्शल या इंग्लिश अर्थतज्ज्ञाने 1890 मध्येच हे मांडून ठेवलंय. शेफिल्डमधे सुऱ्या-कात्र्या बनवणारे सगळे एकाच गावात का जमलेत याचा त्याने विचार केला आणि तीन कारणं सांगितली: मालकाला तयार कारागीर मिळतो आणि कारागिराला एक काम सुटलं तरी शेजारी दुसरं मिळतं, मोठ्या कामाला लागणारी छोटी-छोटी कामं करणारे आजूबाजूला उभे राहतात, आणि धंद्यातली गुपितं फार दिवस गुपितं राहत नाहीत, ती हवेत असल्यासारखी सगळ्यांना माहीत होतात. यातलं तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आता हवेत म्हणजे कुठे, तर माणसांच्या हातात आणि बोलण्यात. एखाद्या स्टीलला हार्डनिंगनंतर किती ताण येतो, कुठल्या कोपऱ्यात डाय तडकते, कुठल्या पार्टीचा माल कशामुळे रिजेक्ट होतो हे ड्रॉइंगवर लिहिलेलं नसतं, ते दहा वर्षं मशीनवर उभं राहिलेल्याला माहीत असतं आणि तो जिथे जाईल तिथे ते जातं.

ज्यांनी कारखाना आतून पाहिला नाही त्यांच्यासाठी जरा खुलासा करतो. टूलरूमकडे सगळी कामं स्वतःची नसतात. हीट ट्रीटमेंट (तापवून कडक करणं) एकाकडे, प्लेटिंग (मुलामा) दुसऱ्याकडे, ग्राइंडिंग (घासून मापात आणणं) तिसऱ्याकडे, वायरकट (विजेच्या तारेने कापणं) चौथ्याकडे, आणि हे चौघं अर्ध्या तासाच्या अंतरात असले तर डाय तुटली तरी उद्या लाइन चालू होते, नसले तर आठवडा जातो आणि ऑर्डर हातची जाते. आता हे चौघं येतात कुठून? बहुतेक वेळा ते कुणाकडे तरी कामाला होते, काम शिकले, एक जुनं मशीन घेतलं, शेड भाड्याने घेतली आणि पहिलं जॉबवर्क (बाहेरून करून घ्यायचं काम) जुन्या मालकानेच दिलं. मालक सुरुवातीला चिडतो, मग त्याच्याच लक्षात येतं की पगार देऊन जे काम करून घेत होतो ते आता पीसप्रमाणे स्वस्तात आणि वेळेवर होतंय. असं पन्नास वेळा घडलं की क्लस्टर तयार होतं, त्याला उद्घाटन लागत नाही.

जगभर बघा, मुळाशी अशीच गोष्ट सापडते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात डाल्टन नावाचं गाव आहे, गालिच्यांची राजधानी म्हणतात त्याला. सुरुवात कशी झाली, तर 1895 च्या सुमारास कॅथरीन इव्हान्स नावाच्या मुलीने जुन्या पद्धतीच्या भरतकामावरून एक पलंगपोस बनवला, लग्नात भेट द्यायला. लोकांना आवडला, मागणी आली, तिने आजूबाजूच्या बायकांना शिकवलं, घरोघरी काम सुरू झालं, पुढे मशीन आली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तीच टफ्टिंगची (कापडात धाग्यांचे गुच्छ ओवायची) कला गालिच्यांकडे वळली. कुठल्याही सरकारने डाल्टनचा नकाशा काढला नव्हता.

कॅलिफोर्नियातल्या सिलिकॉन व्हॅलीचंही तेच. 1957 मध्ये ट्रान्झिस्टरच्या शोधकांपैकी एक असलेल्या विल्यम शॉक्लीच्या कंपनीतले आठ जण एकदम बाहेर पडले आणि फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर सुरू झाली, फेअरचाइल्डमधून 1968 मध्ये नॉइस आणि मूर निघाले आणि इंटेल झाली, आणखीही कितीतरी कंपन्या त्याच एका कंपनीतून बाहेर पडलेल्या लोकांनी काढल्या. यामागे एक कायदा आहे ज्याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. नोकरी सोडल्यावर अमुक वर्षं त्याच धंद्यात काम करायचं नाही असा करार कॅलिफोर्नियात 1872 पासून जवळजवळ सगळ्याच प्रकरणांत रद्दबातल धरतात. तिकडे बोस्टनजवळ रूट 128 या हायवेच्या पट्ट्यात एमआयटी, हार्वर्ड शेजारी, मोठ्या कॉम्प्युटर कंपन्या, पैसा सगळं होतं, पण तिथल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात असे करार कोर्टात टिकायचे आणि कंपन्या सगळं आपल्या चार भिंतीत ठेवायच्या. पर्सनल कॉम्प्युटर आल्यावर तिथल्या मिनीकॉम्प्युटरवाल्या (ऑफिसात अनेकांनी मिळून वापरायच्या मोठ्या कॉम्प्युटरवाल्या) कंपन्या मागे पडल्या आणि कॅलिफोर्निया पुढे गेला. एकट्या कायद्याने हे झालं असं मी म्हणत नाही, लष्करी ऑर्डरी होत्या, स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी होती, भांडवल होतं, पण माणसाला सोडून जाता येणं हा त्यातला मोठा भाग होता असं अभ्यासकही सांगतात.

मग सरकारने काहीच करू नये का? अजिबात नाही, सरकारशिवाय काही गोष्टी होतच नाहीत. फक्त क्रम बघा. तैवानने 1973 मध्ये इट्री ही संशोधन संस्था काढली, 1976 मध्ये आपले तरुण इंजिनिअर अमेरिकेत आरसीए कंपनीकडे चिप बनवायचं शिकायला पाठवले, आणि सिंचू सायन्स पार्क उघडलं 1980 मध्ये. त्याच संस्थेतून आधी यूएमसी आणि मग 1987 मध्ये टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपन्या निघाल्या. म्हणजे आधी माणसं तयार केली आणि प्लॉट नंतर वाटले. आपल्याकडच्या बातम्या वाचून वाटतं की प्लॉट आधी, रस्ता नंतर, आणि माणसं शेवटी कुठून तरी येतील.

सियालकोटचं उदाहरणही मला फार शिकवणारं वाटतं. पाकिस्तानातलं हे शहर फुटबॉल आणि ऑपरेशनच्या अवजारांसाठी प्रसिद्ध आहे. 1994 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय साधनं तपासणाऱ्या सरकारी खात्याने) तिथल्या अवजारांच्या क्वालिटीवर आक्षेप घेऊन आयात अडवली. शेकडो छोटे कारखाने, एकेकट्याची टेस्टिंगची ऐपत नाही, पण त्यांची संघटना होती, तिने सरकारच्या मदतीने क्वालिटी सिस्टीमचं ट्रेनिंग आणलं, तपासणी सुधारली आणि बाजार परत मिळवला. पुढे तिथल्याच उद्योजकांनी पैसे जमवून विमानतळसुद्धा बांधला, 2007 मध्ये तो सुरू झाला. पण त्याच शहरात फुटबॉल शिवायला लहान मुलं बसायची, ते थांबवायला बाहेरून दबाव यावा लागला आणि 1997 मध्ये करार व्हावा लागला. एकीचं बळ जेवढं खरं तेवढंच हेही खरं, एक सांगायचं आणि दुसरं लपवायचं असं नको.

तामिळनाडूतल्या तिरुपूरमधे असंच झालं. निटवेअरची (होजिअरीच्या कपड्यांची) एवढी मोठी निर्यात, आणि डाइंगचं म्हणजे कापड रंगवण्याचं पाणी नोय्यल नदीत. 2011 मध्ये मद्रास हायकोर्टाने डाइंग युनिट बंद करायला लावले तेव्हा काम गेलं ते रोजंदारीवाल्यांचं, आणि त्याआधी जमीन गेली ती खालच्या शेतकऱ्यांची. छोट्या डाइंगवाल्याला एकट्याने पाणी शुद्ध करायचा प्लँट परवडत नाही हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत असतं, म्हणून कॉमन प्लँट धंद्यासोबतच उभा राहायला हवा, नदी मेल्यावर नाही.

आणि जे एका मोठ्या अँकर कंपनीच्या (जिच्या आधारावर बाकीचे उभे राहतात तिच्या) मागे धावतात त्यांनी अमेरिकेतल्या डेट्रॉइट या मोटारींच्या शहराचा अभ्यास करावा असं मला मनापासून वाटतं. सुरुवातीला ते छोट्या वर्कशॉपचं शहर होतं. डॉज बंधू फोर्डला पार्ट पुरवायचे, मग 1914 मध्ये त्यांनी स्वतःची गाडी काढली. पुढे सगळं दोन-तीन अवाढव्य कंपन्यांत गेलं, नवीन शेड टाकणारा फिटर कमी झाला, आणि त्या कंपन्या बाहेर सरकल्यावर शहराकडे दुसरं काही उरलं नाही. 1950 मध्ये साडेअठरा लाख वस्ती होती, 2020 मध्ये साडेसहा लाखांच्याही आत, आणि मधे 2013 मध्ये महापालिकेने दिवाळखोरी जाहीर केली. याला वर्णद्वेष, उपनगरं, परदेशी गाड्या अशी बाकी कारणंही आहेत, पण व्हेंडर (पार्ट पुरवणारा छोटा कारखानदार) स्वतःच्या पायावर उभा न राहणं हे मला त्यात ठळक दिसतं.

म्हणून मागणी अशी की जिथे आधीपासून एखादं काम चाळीस-पन्नास शेडमधे चालू आहे तिथे पैसा पहिला जावा. टेस्टिंग लॅब, कॉमन टूलरूम, सांडपाण्याचा प्लँट, आणि कामगारांसाठी परवडणारी भाड्याची घरं. घर नसलं की माणूस टिकत नाही आणि माणूस टिकला नाही की वर सांगितलेलं हवेतलं ज्ञान वगैरे सगळं दर सहा महिन्यांनी शून्यापासून सुरू. आयटीआयमधे मुलं ज्या मशीनवर शिकतात ती आणि बाहेर शेडमधे असलेली मशीन यात वीस वर्षांचं अंतर नको. नोकरी सोडणाऱ्या ऑपरेटरची कागदपत्रं अडवून ठेवणं, महिन्याचा पगार रोखून धरणं हे प्रकार बंद व्हायला हवेत, मी ते स्वतः बघितलेत आणि त्यात हुशार माणसं धंदाच सोडून गेलेली बघितलीत. आणि जुनं मशीन घ्यायला निघालेल्या कारागिराला बँकेने घराचे कागद मागण्याऐवजी हातातली ऑर्डर बघून कर्ज द्यावं.

आपल्याला विनंती एवढीच की पुढच्या वेळी नव्या पार्कची बातमी येईल तेव्हा वार्ताहराने मंत्री आणि कंपनीचे अधिकारी यांच्यासोबत तिथे काम करणाऱ्या चार टर्नर-फिटरशीही बोलावं, ते राहणार कुठे, शिकले कुठे, आणि पाच वर्षांनी त्यांना स्वतःची शेड टाकता येईल का हे विचारावं, आणि जुन्या पार्कबद्दल हेही छापावं की तिथल्या कामगारांपैकी किती जण आज स्वतः मालक आहेत. हा आकडा मी आजवर कुठल्याही बातमीत वाचलेला नाही.

आपला,
टूलरूममधून निवृत्त झालेला एक वाचक