काका, बिल पाठवा

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं काका. भद्रकालीत, जुन्या नाशकात, पंचवटीत ज्यांच्या मांडवाला, उरुसाला, भीमजयंतीला, लग्नाला तुमचे साउंडचे बॉक्स लागलेत त्यांना मी कुणाबद्दल बोलतेय ते लगेच कळेल. बाकीच्यांसाठी एवढंच, की आमच्या फ्रिंज उत्सवाचे फोटो पेपरात आले. त्यात आम्ही सगळे ओळीने उभे आहोत आणि ज्या माणसामुळे तो पार पडला तो फोटोत नाही. तो वायर गुंडाळत होता.

साउंड ठरवायला तुमच्या दुकानात आले तेव्हा तुम्ही विचारलंत, 'फ्रिंज म्हणजे काय गं पोरी?' मी ऐटीत सांगितलं, की १९४७ साली स्कॉटलंडमधल्या एडिंबरोत मोठा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला. आठ नाटकमंडळ्या निमंत्रण नसताना तिथे गेल्या, मिळेल त्या जागेत प्रयोग केले आणि पुढे तेच मूळ महोत्सवापेक्षा मोठं होऊन बसलं. तुम्ही एका वायरीला सोल्डर मारत होतात. मान वर न करता म्हणालात, 'म्हणजे पत्रिका नसलेलं वऱ्हाड. मग त्यांना वाढलं कुणी?'

वाढणाऱ्याची गरज आम्हालाही लवकरच पडली. एका सभागृहाशी बोलणं झालं होतं. उत्सव आठवड्यावर आला आणि तिथून निरोप आला, की गाणी करा, नाच करा, कविता करा, पण वादविवाद नको, उगाच कुणी काही बोललं तर निस्तरायचं कुणी? कालिदास कलामंदिर आमच्या खिशाबाहेरचं. तुम्हाला फोन केला तो खरं तर साउंडची ऑर्डर रद्द करायला. तुम्ही म्हणालात, 'रद्द कशाला करतेस, जागा बदल.' आणि त्याच संध्याकाळी आम्हाला तिवंध्याजवळच्या एका वाड्याच्या चौकात नेऊन उभं केलंत. त्या घरातल्या आज्जींच्या लेकीच्या लग्नात तुमच्या वडिलांनी कर्णा बांधला होता, नातवाच्या मुंजीत तुम्ही बॉक्स लावले होते. तेवढ्या ओळखीवर चौक मिळाला, ओसरी मिळाली, नळाचं पाणी मिळालं आणि संडासाची किल्लीसुद्धा. या शेवटच्या गोष्टीचं मोल काय असतं ते असे कार्यक्रम करणाऱ्या कुणालाही विचारा.

जागेपेक्षाही मोठं काम तुम्ही केलंत ते आमच्या वॉकचं, म्हणजे जुनं नाशिक पायी दाखवायच्या फेरीचं. आमचा कागद तयार होता: रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, नारोशंकर, सरकारवाडा. तुम्ही तो वाचलात आणि परत दिलात. 'हे रिक्षावालेही दाखवतात. तेही कमी वेळात.' मग आम्ही गळ्यात अडकवायचे छोटे स्पीकर मागितले, तर तेही दिले नाहीत. तुमचा धंदा असून दिले नाहीत! म्हणालात, 'गल्लीत कुणी माइकवर बोलत आलं की लोक खिडकी लावून घेतात. तोंडाने बोला, हळू बोला. आणि ज्याच्या ओट्याजवळ उभे आहात, त्याला आधी बोलू द्या.' इतके दिवस खपून केलेली आमची पीपीटी तिथेच निकालात निघाली.

तिवंधा चौकात तुम्ही सगळ्यांना रस्त्याच्या मधोमध थांबवलंत आणि विचारलंत, 'पायाखाली काय आहे?' सिडको, इंदिरानगर, गंगापूर रोडवरून आलेली मंडळी एकमेकांची तोंडं बघायला लागली. समोरच्या ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या मावशींनी हसू दाबलं. तुम्ही नुसता त्यांच्याकडे हात केलात आणि पुढचा सगळा वेळ मावशींचा झाला. पायाखाली रहाड आहे, त्या म्हणाल्या, पेशवाईतली. जमिनीतला दगडी हौद. वर्षभर लाकडं आणि माती टाकून बुजवलेला असतो, त्याच्यावरून रिक्षा-दुचाक्या धावतात. रंगपंचमी आली की उकरायचा, साफ करायचा, पूजा करायची. फुलांपासून केलेला रंग उकळून त्यात ओतायचा आणि मग पोरं धप्पा मारतात. शनी चौकाचा रंग वेगळा, दिल्ली दरवाजाचा वेगळा. कोण कुठल्या रहाडीत उडी मारून आलाय ते अंगावरूनच कळतं.

एवढं पुस्तकांत आणि पेपरांत सापडतं. पदरातली सालं झटकत मावशी पुढे जे बोलल्या ते कुठेच नव्हतं. तो रंग दिवसेंदिवस निघत नाही, म्हणून त्यांच्या सासूबाईंनी घरातली एक चादर कायमची वेगळी काढली होती. रंगपंचमीला भिजून आलेल्यांनी तिच्यावरच झोपायचं, दुसरीला हात लावायचा नाही. ती चादर अजून आहे. आत जाऊन आणलीच त्यांनी. मूळचा पांढरा रंग कुठेच दिसत नव्हता. पिवळ्यावर केशरी, केशरीवर पिवळा, आणि एका कोपऱ्यात कुणाचा तरी अख्खा पंजा उमटलेला, लहान पोराचा असावा. आमच्यातल्या एकीने पटकन मोबाइल वर केला, तशी तुम्ही बोटानेच खूण केलीत, आधी विचार. तिने विचारलं. मावशी म्हणाल्या, 'काढ की, पण मला पदर सावरू दे.'

नारोशंकराच्या देवळाशी मात्र तुम्ही स्वतः बोललात, आणि का नाही बोलणार? चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या स्वारीतून आलेली ती घंटा. 'नाशिकचा पहिला लाउडस्पीकर,' तुम्ही म्हणालात, 'आणि परवानगी लागत नव्हती.' आमच्याकडे मोठ्याने बोलणाऱ्याला नारोशंकराची घंटा म्हणतात, हे एका पुण्याच्या पाहुण्याला समजावून सांगताना तुम्ही माझ्याकडे बघत होतात. ते मी लक्षात ठेवलंय. विजयानंद थिएटरसमोरचा थांबा मी उरकता घेतला. २१ डिसेंबर १९०९, 'शारदा' नाटकाचा प्रयोग, कलेक्टर जॅक्सन आणि त्याला गोळ्या घालणारे अनंत कान्हेरे हे सगळ्यांना शाळेपासून तोंडपाठ होतं.

काळारामाच्या दरवाजाशी तुम्ही मागे सरकलात. मला वाटलं दमलात. तुम्ही हळूच म्हणालात, 'इथे मी नाही. ज्याचं आहे त्याने बोलावं.' आमच्या घोळक्यात नाशिक रोडहून आलेले एक निवृत्त शिक्षक होते. त्यांचे आजोबा २ मार्च १९३० ला सुरू झालेल्या मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहात होते. हे तुम्हाला ठाऊक होतं, आम्हाला नव्हतं. ते सरही आधी इतिहासच बोलले, बाबासाहेब, दादासाहेब गायकवाड, पुढे वर्षानुवर्षं चाललेला तो लढा. मग एकदम म्हणाले, की आजोबा नंतर कधीही या देवळात आले नाहीत. दार उघडल्यावरही आले नाहीत. 'आम्ही विचारायचो, का? तर म्हणायचे, मला देव नको होता रे, मला दार पाहिजे होतं.' त्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि तेच बरं झालं.

काझीच्या गढीवर, गोदेकाठच्या त्या मातीच्या उंचवट्यावर, गेलो तेव्हा आमच्यातला इतिहासाचा विद्यार्थी खुशीत होता. ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये इथेच खोदकाम केलं, सातवाहनकाळाच्याही मागची वस्ती या मातीच्या थरांत सापडते, वगैरे. वर राहणाऱ्या एका बाईंनी ते सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, 'खापरं बघून झाली असतील तर ती कड बघता का?' दर पावसाळ्यात गढीची माती ढासळते, घरं खाली करायच्या नोटिसा येतात, पावसाळा सरला की सगळे विसरतात. संरक्षक भिंतीची मागणी किती जुनी आहे ते त्यांनी आपल्या मुलाच्या वयावरून सांगितलं. मुलगा शेजारीच उभा होता, मिशा फुटलेला. शहराच्या कडेवरची कला असं काहीतरी आमच्या पत्रकात छापलं होतं. कड म्हणजे काय ते त्या सकाळी दिसलं.

आता वादविवाद. खरे आभार मला याचेच मानायचे आहेत, आणि हेच काम कुणाच्या डोळ्यांत भरलं नाही. विषय होता, गोदापात्रातलं काँक्रीट ठेवावं की फोडावं. नाशिककरांना पार्श्वभूमी सांगायला नको. सिंहस्थाच्या सोयीसाठी पात्राच्या तळाला काँक्रीट घातलं आणि कुंडांतले जिवंत झरे त्याखाली बुजले, असं म्हणणारा एक पक्ष. लाखोंच्या गर्दीचा पाय घसरू नये म्हणून तळ पक्काच हवा, असं म्हणणारा दुसरा. त्यात २०२७ चा सिंहस्थ तोंडावर. आम्ही स्टेज, तीन खुर्च्या, तीन वक्ते आणि शेवटी प्रश्नोत्तरं असं आखलं होतं. तुम्ही खुर्च्या खाली घेतल्यात, बॉक्स छोटे लावलेत, एक कॉर्डलेस वक्त्यांकडे दिलात आणि दुसरा भाच्याच्या हातात देऊन त्याला गर्दीत सोडलंत. 'शेवटी प्रश्न ठेवले की लोक चपला शोधायला लागतात,' हे तुमचं कारण. गेली कित्येक वर्षं सभा बघताय तुम्ही, मागच्या बाजूने.

घाटावर फुलं विकणाऱ्या एक ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांना बोलायचं होतं, पण माइक समोर आला की त्या मागे सरायच्या. तुम्ही भाच्याला मिक्सरवर बसवलंत आणि माइक स्वतः घेतलात. त्यांच्या तोंडापुढे धरलाच नाहीत. हनुवटीच्या खाली, वीतभर लांब, जणू तुम्ही नुसते शेजारी उभे राहून ऐकताय. भाचा तुमच्या भुवईकडे बघून आवाज चढवत होता. माइक एकदा शिट्टी मारणार असं वाटलं, तेवढ्यात तुम्ही पायानेच जवळचा बॉक्स फिरवलात. आणि ताई बोलल्या, घरात बोलाव्यात तशा: 'काँक्रीट आहे म्हणून माझी टोपली कोरडी राहती. फोडा तुम्ही, नदीचं भलं होत असंल तर फोडा. पण मी कुठं बसू ते आधी लिहून द्या.' तोवर दोन्ही पक्षांचे वक्ते एकमेकांना आकडे ऐकवत होते. त्यानंतर चर्चेचा सगळा सूर बदलला. मागून एक आजोबा उठले आणि गांधी तलावात पूर्वी पायाला खालून गार पाणी लागायचं ते सांगायला लागले, आणि ताईंनीच त्यांना विचारलं, कुठल्या कोपऱ्यात?

बाहेर नाशिक ढोलाचं एक पथक सराव करत होतं, त्यांच्याशी तुम्ही काय बोललात ते कधीच कळलं नाही. वादविवाद चालू असेपर्यंत ढोल गप्प होते. मधल्या चहाला मात्र तीच पोरं चौकात येऊन वाजवून गेली आणि आज्जी खुर्चीत बसून टाळ्या देत होत्या.

एका बाबतीत माझं तुमच्याशी अजून भांडण आहे. रात्री दहाच्या ठोक्याला तुम्ही मेन बंद केलात. नियम मला माहीत आहे, २००० सालापासून तोच आहे, रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर नाही. पण आमचा कवी शेवटच्या कडव्यात होता! तुमचं म्हणणं असं, की उशीर झाल्याचा त्रास पाहुण्यांना होत नाही, दुसऱ्या दिवशी तोंड दाखवावं लागतं ते त्या गल्लीत राहणाऱ्याला. ते बरोबर असेल. तरी एका कडव्याने गल्ली झोपेवाचून मेली नसती. त्याने उरलेलं कडवं तसंच म्हटलं, उघड्या आवाजात, आणि खरं सांगायचं तर ते माइकवरच्यापेक्षा चांगलं लागलं. हे त्याला सांगू नका.

पुढच्या वर्षाचं. तुम्ही जाताजाता म्हणालात, की आता उत्सव तुमच्याकडे न्या, सिडकोत. मी हसले, पण डोक्यातून गेलं नाही. १९८२ मध्ये महापालिका झाली, सातपूर आलं, नाशिक रोड-देवळाली आली, आजूबाजूची खेडी आली, आमच्या सिडकोच्या सहा योजना उभ्या राहिल्या, तरी आम्ही मेन रोडला निघालो की अजून 'गावात जाऊन येतो' म्हणतो. सिडकोत कुणाच्या ओट्याजवळ उभं राहायचं? तिथे ओटेच नाहीत, जिने आहेत. मग जिन्यांवरून वॉक काढू. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून दुसरी पाळी सुटते त्या वेळी चहाच्या टपऱ्यांवर काढू. मखमलाबादला द्राक्षबागेत वादविवाद ठेवू, प्लॉट पडावेत की बाग राहावी यावर, आणि बोलायला आधी बागवाल्याला उभं करू. जागा, माणसं आम्ही बघतो. माइक कुणाच्या हनुवटीखाली किती लांब धरायचा ते शिकवायला तुम्ही या. भाच्यालाही आणा, त्याच्याशिवाय तुमच्या भुवया वाचणार कोण?

आणि काका, बिल पाठवा. विचारलं की तुम्ही 'बघू' म्हणता. वर्गणीतून तुमचे पैसे आम्ही बाजूला काढून ठेवले आहेत. भाच्याची मजुरी, टेम्पोचं भाडं आणि त्या रात्री बदललेल्या बॅटऱ्या सगळं धरून आकडा लिहा, निम्मा करून नको. तुमची काळी लांब वायर आमच्या गॅलरीत गुंडाळून ठेवली आहे. बिल हातात पडेपर्यंत ती परत मिळणार नाही.

तुमची,
सिडकोवाली पोरगी,
आणि उत्सवातली बाकी सगळी मंडळी