प्रकल्प ‘वर्ड’मध्येच हवा, हा आग्रह शाळांनी सोडावा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार (म्हणजे सुरक्षा-सुधारणा देणे) थांबवला आणि घरगुती ग्राहकांना नोंदणी करून मिळणारी वाढीव मुदतसुद्धा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच ठेवली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आपल्या सोलापुरात यंत्रमाग कामगार, विडी कामगार किंवा लहान दुकानदार यांच्या घरी मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेला लॅपटॉप बहुधा सेकंडहँडच असतो, आणि असे पुष्कळ लॅपटॉप चांगले चालत असूनही या अटींत बसत नाहीत. पालक विचारायला गेले की ‘नवा घ्या’ असे सांगितले जाते, नाहीतर शे-दोनशे रुपयांत क्रॅक केलेले विंडोज टाकून मिळते. ज्या लॅपटॉपवर मुलीचा महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरला जातो आणि वडिलांचे बँकेचे व्यवहारही होतात, त्यावर कोणी बनवला हे ठाऊक नसलेला ॲक्टिव्हेटर (परवान्याशिवाय विंडोज चालू करून देणारा प्रोग्राम) चालवणे मला नव्या लॅपटॉपच्या खर्चापेक्षा महाग वाटते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात माहिती तंत्रज्ञान शिकवतो. माझे काही विद्यार्थी अशाच जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या ‘लिनक्स’ या मुक्त सिस्टीमचा एक प्रकार) वापरतात. विंडोजच्या जोडीला हौस म्हणून नव्हे, तर अभ्यासाची एकमेव ऑपरेटिंग सिस्टीम म्हणून. मिंटची २२ वी आवृत्ती २ जीबी रॅमवर चालते, ४ जीबीवर व्यवस्थित चालते आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा-सुधारणा मिळणार आहेत. त्यासाठी पैसे पडत नाहीत. पेनड्राइव्हवरून ती चालू करून वायफाय, आवाज आणि प्रिंटर नीट चालतात का हे हार्ड डिस्कला हात न लावता आधीच पाहता येते. (जुनी हार्ड डिस्क काढून तिथे एसएसडी (वेगवान साठवण-साधन) बसवली तर वेगात होणारा फरक कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टीमने पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा असतो, हेही पालकांना सांगितले पाहिजे.)

शालेय कामाचा मोठा भाग आता ब्राउझरमध्येच होतो. बालभारतीची पुस्तके, दीक्षा, गूगल क्लासरूम यांना खाली कोणती सिस्टीम आहे याने काही फरक पडत नाही. बारावीच्या आयटीतील एचटीएमएल, जावास्क्रिप्ट आणि पीएचपीचे प्रात्यक्षिक लिनक्सवर तसेच्या तसे होते. भूमितीसाठी जिओजेब्रा आहेच. खरी अडचण येते ती मराठीत लिहिलेला प्रकल्प शाळेत नेऊन उघडताना, आणि तिचे खापर नेमके लिनक्सवर फुटते.

होते ते असे. मुलगी घरी लिबरऑफिस या वर्डसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये प्रकल्प लिहिते, सूचनेत ‘वर्ड फाइल आणावी’ असे म्हटले आहे म्हणून तो वर्डच्या डॉक्स (.docx) स्वरूपात साठवते आणि पेनड्राइव्हवर शाळेत नेते. तिथे फाइल उघडली की घरी एका पानावर बसलेला तक्ता दोन पानांवर तुटलेला असतो, चित्राखालची ओळ पुढच्या पानावर गेलेली असते आणि अनुक्रमणिकेतले आकडे चुकलेले दिसतात. ‘हे लिनक्स-बिनक्स काढून टाक’ असा सल्ला तिला लगेच मिळतो. वास्तविक बहुतेक वेळा हा फॉन्टचा प्रश्न असतो. विंडोजमधला मंगल हा फॉन्ट लिनक्सबरोबर येत नाही, तसे लिनक्सबरोबर येणारे लोहित किंवा नोटो हे फॉन्ट शाळेच्या विंडोजवर सहसा नसतात. अक्षरांची रुंदी आणि ओळींची उंची बदलली की मजकूर सरकणारच. टाइम्स न्यू रोमनच्याच मापाचा लिबरेशन सेरिफ लिनक्सवर असल्यामुळे इंग्रजी प्रकल्पांत हा त्रास पुष्कळ कमी होतो. मराठीसाठी ‘नोटो’ किंवा ‘मुक्त’ या नावांच्या फॉन्टसारखा मोफत फॉन्ट दोन्हीकडे टाकला, किंवा लिबरऑफिसमध्ये फाइलच्या गुणधर्मांत जाऊन फॉन्ट फाइलमध्येच बसवला, तर बराचसा प्रश्न सुटतो. नुसती छापायची किंवा तपासायची प्रत असेल तर पीडीएफ द्यावी; तिच्यात फॉन्ट सोबतच जातो आणि ओळ हलत नाही.

याहून जुने दुखणे बिगर-युनिकोड फॉन्टचे, म्हणजे कोणत्याही संगणकावर तीच अक्षरे दिसावीत यासाठीची युनिकोड ही जागतिक पद्धत न पाळणाऱ्या फॉन्टचे, आहे. काही शाळांतून प्रश्नसंच आणि सूचना आजही अशा फॉन्टमध्ये टंकित होऊन व्हॉट्सॲपवर फाइल म्हणून पाठवल्या जातात. त्या फॉन्टशिवाय तिथे इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग दिसते, मग संगणक लिनक्सवर चालणारा असो, विंडोजवर चालणारा असो, की पालकांचा मोबाइल असो. त्याचा दोष मात्र ज्याच्या घरी वेगळी सिस्टीम आहे त्याच मुलाच्या पदरी येतो, याचे मला नेहमी नवल वाटते.

मराठी टंकलेखन लिनक्सवर अवघड जाते, ही समजूतही काढून टाकली पाहिजे. इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांसाठीचा प्रमाणित कळफलक त्यात उपलब्ध असतो. सेटिंगमध्ये जाऊन तो निवडला की झाले. शिफ्ट धरून ‘जे’ दाबले की ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला ऱ मिळतो, त्यापुढे ‘डी’वरचा हलन्त आणि मग य. रोमन लिपीतून मराठी उमटवणाऱ्या कित्येक साधनांवर मुले या एका अक्षरापाशी अडखळतात. सोलापूरकरांना तर इनस्क्रिप्टचा दुहेरी लाभ आहे. आमच्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी आणि कन्नड बोलणारी मुले मराठीभाषक मुलांशेजारी बसतात, आणि इनस्क्रिप्टमध्ये ‘के’च्या कळीवर मराठीचा क असतो तसाच तेलुगूचा आणि कन्नडचाही क असतो. एकदा बोटांना वळण लागले की भाषा बदलली तरी कळी बदलत नाही. विंडोजवरही ही सोय आहे, पण लिनक्समुळे ती मोफत आणि जुन्या लॅपटॉपवर मिळते, हे इथे महत्त्वाचे.

ज्याला टॅली शिकायचे आहे, अभियांत्रिकीला जाऊन ऑटोकॅड वापरायचे आहे किंवा केवळ विंडोजवर चालणाऱ्या सुरक्षित ब्राउझरमधून परीक्षा द्यायची आहे, त्याला मी लिनक्सचा आग्रह करणार नाही. काही जुन्या लेझर प्रिंटरांचे ड्रायव्हरही खरोखर छळतात. पण आठवी ते बारावीच्या बहुसंख्य मुलांच्या रोजच्या कामात हे येत नाही. केरळमधल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत गेली अनेक वर्षे लिनक्सवरच संगणक शिकवला जातो आणि दहावीची आयटीची प्रात्यक्षिक परीक्षाही त्यावरच होते. आपल्याकडच्या शिक्षकांनाही शिकण्याची सोय आहे: आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पाने लिनक्स आणि लिबरऑफिसचे धडे मराठीतून विनामूल्य उपलब्ध केले आहेत.

शाळांनी लगेच सगळे संगणक बदलावेत, अशी माझी मागणी नाही. जिल्हा परिषदेच्या व महापालिकेच्या शिक्षण विभागांनी आणि कनिष्ठ महाविद्यालयांनी एवढेच परिपत्रक काढावे की, विद्यार्थ्याने पीडीएफ किंवा ओडीटी (लिबरऑफिसच्या मूळ) स्वरूपात दिलेले काम स्वीकारले जाईल, शाळेचा प्रत्येक मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकित होईल आणि संगणक कक्षातील किमान एका संगणकावर लिबरऑफिस व एक मुक्त देवनागरी फॉन्ट असेल. यातल्या कशासाठीही निविदा काढावी लागत नाही, आणि प्रकल्पांच्या सूचना दिवाळीच्या सुट्टीआधी निघत असल्याने त्यापूर्वी हे सहज करता येईल.

आपला विश्वासू,
एक कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षक, जुळे सोलापूर